विरेन पडला, हे सगळ्यांना ठाऊक. पळाला कसा, तेही सांगू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खानदेशात पोलीस भरतीची चाहूल लागली की मार्गदर्शन वर्गांच्या व्याख्यानांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून एक गोष्ट हमखास फिरू लागते. फिनलंडचा लासे विरेन १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरच्या शर्यतीत अर्ध्या वाटेत पडला, उठला आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन गेला. गोष्ट खरी आहे. त्यात तो पेशाने पोलीस, मिर्स्किला नावाच्या छोट्या गावचा. भरतीच्या पोरांना सांगायला याहून चांगला नमुना कुठला? पण गोष्ट सांगून झाली की 'जिद्द ठेवा' एवढंच तिचं सार हाती उरतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं पुन्हा जीव खाऊन पळत सुटतात. महिन्याभरात निम्म्यांच्या नडग्या दुखू लागतात. विरेनच्या कारकिर्दीतून शिकायचंच असेल तर त्याच्या पडण्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे पाहावेत, म्हणून हे पत्र.

आधी ती शर्यत. ३ सप्टेंबर १९७२. ब्रिटनच्या डेव्हिड बेडफर्डने सुरुवातीलाच भन्नाट वेग लावला; पहिले पाच हजार मीटर सुमारे १३ मिनिटे ४४ सेकंदांत झाले. त्याच्या थोडं आधी, बाराव्या फेरीत विरेन पडला. त्याच्यात अडकून ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदीही कोसळला. गमूदीने थोड्या वेळाने शर्यत सोडली. विरेन मात्र एका फेरीच्या आत पुन्हा पुढच्या जथ्यात होता. शेवट २७ मिनिटे ३८.३५ सेकंद. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा १९६५चा विक्रम २७:३९.४ होता, तो मोडला. दुसरा आलेला बेल्जियमचा पुटमान्स जेमतेम सव्वा सेकंद मागे.

आता हिशेब करा. २७:३८ म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी सरासरी ६६.३ सेकंदांत. आणि शेवटचे आठशे मीटर त्याने काढले १ मिनिट ५६ सेकंदांच्या आसपास, म्हणजे फेरीला ५८. जो माणूस नऊ किलोमीटरहून जास्त पळून झाल्यावर ५८ची फेरी सलग दोनदा काढतो, त्याला ६६ची फेरी 'चालती' वाटत असणार. पडल्यानंतर जथा गाठायला लागला तो हाच शिल्लक वेग. जिद्द होतीच, नाही कोण म्हणतो. पण शिल्लक नसती तर जिद्दीने त्याला फार तर शेवटच्या रेषेपर्यंत नेलं असतं.

भरतीतल्या पोराकडे ही शिल्लक नसते, आणि तिथेच गोष्टीचा उपयोग उलटा होतो. पुरुष उमेदवारांना १६०० मीटरच्या पूर्ण २० गुणांसाठी ५ मिनिटे १० सेकंद लागतात. (तक्ता बदलू शकतो, आपापल्या जाहिरातीत पाहावा.) म्हणजे ४०० मीटरची फेरी ७७.५ सेकंद. विरेनच्या वेगाने १६०० मीटर ४ मिनिटे २५ सेकंदांत होतात, आणि तेवढं अंतर तो सव्वासहा वेळा सलग पळत होता. आपल्या पोराची जोर लावून येणारी सर्वोत्तम वेळ ५:१५ असेल तर त्याच्याकडे खर्चायला काहीच उरलेलं नाही. गर्दीच्या तुकडीत कोपर लागून तो पडला आणि तीन सेकंद गेले, तर ती पुढच्या शंभर मीटरमध्ये भरून काढायच्या नादात तो संपतो. तीन फेऱ्या उरल्या असतील तर फेरीला एक सेकंद, एवढीच वसुली त्याला झेपते.

न पडताही हेच होतं. पहिली फेरी ६९-७०, कारण शिट्टी वाजली की सगळे सुटतात. दुसरी ७६. तिसरीत पाय जड होतात, ८४. चौथी कशीबशी ८२. बेरीज ५:१२. म्हणजे पहिल्या फेरीत कमावलेले सात-आठ सेकंद तिसरी-चौथी फेरी व्याजासकट वसूल करते. कारण साधं आहे. झेपेल त्याहून जास्त वेगाने सुरुवात केली की स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरत नाही, बिनप्राणवायूची ऊर्जा वापरली जाते आणि तिच्यामुळे स्नायूंत जी आम्लता वाढते ती शर्यत चालू असताना निवळत नाही. हाच पोरगा ७८, ७८, ७८, ७५ असा पळाला तर ५:०९ होतात, आणि त्याला कमी त्रास होतो.

फिन्निश धावपटूंना हे गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पावो नुर्मी, ज्याच्या नावावर १९२० ते १९२८ या काळातली नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत, हातात स्टॉपवॉच घेऊन पळायचा. प्रतिस्पर्ध्याकडे पाहण्यापेक्षा घड्याळाकडे पाहायचा. त्याच्याही आधीचा हान्नेस कोलेहमाइनेन. १९२०ची अँटवर्पची मॅरेथॉन त्याने जिंकली, आणि त्याच मॅरेथॉनमध्ये आपला बेळगावचा फडेप्पा चौगुले एकोणिसावा आला होता. हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. १९३६ला बर्लिनमध्ये दहा हजार मीटरची तिन्ही पदकं फिनलंडने घेतली, आणि मग या दोन अंतरांत, पाच हजार आणि दहा हजारांत, छत्तीस वर्षं एकही सुवर्ण नाही. विरेन आला तो या दुष्काळानंतर. म्युनिकला १० सप्टेंबरला त्याने पाच हजारही जिंकले (१३:२६.४२), आणि त्याच दिवशी फिनलंडच्याच पेक्का वासालाने १५०० मीटर.

त्या पाच हजारांची शर्यत दहा हजारांच्या अगदी उलट होती. पहिले तीन हजार रेंगाळत गेले. शेवटच्या चार फेऱ्या उरल्या तेव्हा अमेरिकेच्या स्टीव्ह प्रिफोंटेनने वेग ओढला आणि शेवटचा मैल विरेनने सुमारे ४ मिनिटे १ सेकंदात काढला. गमूदी दुसरा, ब्रिटनचा इयान स्टुअर्ट तिसरा, आणि ज्याने जीव तोडून पुढे ओढलं तो प्रिफोंटेन चौथा.

आता मुद्द्याची गोष्ट, जी व्याख्यानांत कधीच येत नाही. १४ ऑगस्ट १९७२ला विरेनने स्टॉकहोममध्ये दोन मैलांचा विश्वविक्रम केला, ८:१४.०. १४ सप्टेंबरला हेलसिंकीत पाच हजारांचा, १३:१६.४. (हा पुटमान्सने सहाच दिवसांत मोडला.) मधे म्युनिकची दोन सुवर्णं आणि दहा हजारांचा विक्रम. सगळं एका महिन्यात. त्यानंतर? १९७३ साल पराभवांचं. १९७४ला रोमच्या युरोपीय स्पर्धेत पाच हजारांत कांस्य, दहा हजारांत सातवा. मग दुखापती. लोक म्हणू लागले, संपला. १९७६ला माँट्रियलमध्ये पुन्हा दोन्ही सुवर्णं. त्याआधी सलग दोन ऑलिंपिकमध्ये ही जोडी कुणी जिंकली नव्हती, आणि नंतरही २०१६पर्यंत, ब्रिटनच्या मो फाराहपर्यंत, कुणी जिंकली नाही.

हा योगायोग नव्हता, आखणी होती. त्याचे प्रशिक्षक रोल्फ हाइक्कोला स्वतः धावपटू होते, आणि न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिनलंडमध्ये काम करून गेले होते, त्यांच्या पद्धतीचा तिथे मोठा प्रभाव होता. त्या पद्धतीचा गाभा असा: आधी कित्येक महिने लांब, सावकाश, भरपूर अंतर, मग काही आठवडे चढावर पळणं, मग थोडेच आठवडे मैदानावरचा तीव्र सराव, आणि शर्यतीआधी विश्रांती. तीव्र सरावाने शरीर धारदार होतं, पण ती धार फार दिवस टिकत नाही. ती कधी काढायची याची तारीख आधी ठरवायची आणि मधल्या शर्यती हरल्या तरी आखणी मोडायची नाही. विरेन चार वर्षांतले एकच दोन आठवडे डोळ्यांसमोर ठेवायचा. आपल्याकडे पोरगं प्रत्येक रविवारी गावातल्या मित्राला हरवायला पळतं.

माँट्रियलचे आकडेही बोलके आहेत. दहा हजारांत पोर्तुगालचा कार्लोस लोपेश वेग वाढवत गेला. विरेनचे पहिले पाच हजार सुमारे १४:०९ आणि दुसरे सुमारे १३:३१. शेवटच्या फेरीच्या तोंडाशी तो लोपेशच्या पुढे निघाला, २७:४०.३८. चार दिवसांनी पाच हजारांत पहिले चार जण पाऊण सेकंदात आत आले: विरेन १३:२४.७६, क्वाक्स २५.१६, हिल्डेनब्रांड २५.३८, डिक्सन २५.५०. इथे एक बारकावा आहे. विरेन पुढे राहून आतली कड सोडत नव्हता, आणि त्याला ओलांडू पाहणाऱ्यांना वळणावर बाहेरून पळावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी तो मॅरेथॉनही पळाला, आयुष्यातली पहिली, आणि २:१३:११ मध्ये पाचवा आला. प्राथमिक फेऱ्या धरून नऊ-दहा दिवसांत बहात्तर किलोमीटर.

दोन गोष्टी न सांगता पुढे जाणं बरं दिसणार नाही. माँट्रियलवर आफ्रिकी देशांचा बहिष्कार होता, त्यामुळे इथिओपियाचा मिरुट्स यिफ्टर तिथे नव्हता. आणि विरेनवर स्वतःचंच रक्त साठवून शर्यतीआधी परत चढवल्याचा संशय घेतला गेला. त्याने तो कायम नाकारला आणि काही सिद्ध झालं नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यावर बंदीही नव्हती. मात्र १९८०ला मॉस्कोत दोन पदकं घेणारा त्याचा देशबंधू कार्लो मानिंका याने पुढे रक्त चढवून घेतल्याचं कबूल केलं. त्या मॉस्कोत विरेन दहा हजारांत पाचवा आला, मॅरेथॉन त्याने अर्ध्यात सोडली. पुढे तो फिनलंडच्या संसदेतही बसला.

आतल्या कडेचा हिशेब आपल्याकडे करून पाहा. एक मार्गिका बाहेरून पळालं की दर फेरीला सुमारे सात मीटर जास्त. चार फेऱ्यांत २८ मीटर, म्हणजे ५:१०च्या वेगाने जवळपास साडेपाच सेकंद फुकट. मैदान २०० मीटरच्या फेरीचं असेल तर फेऱ्या आठ, नुकसान दुप्पट, अकरा सेकंद. कारण जास्तीचे सात मीटर वळणांमुळे येतात, फेरी किती लांब आहे त्यावर ते अवलंबून नसतात. सुरुवातीच्या शंभर मीटरमध्ये धक्काबुक्की करून पुढे घुसण्यापेक्षा चार पावलं मागे राहून आत सरकावं, आणि ओलांडायचं ते सरळ पट्ट्यात.

बरेच जण सराव रस्त्यावर करतात, आणि तिथे अंतराचा अंदाज मोटारसायकलच्या मीटरवर असतो. तो पाच टक्के चुकला तरी १६०० मीटरला पंधरा सेकंदांचा फरक पडतो. जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर, ९० बाय ४० मीटर जागा मिळाली तर, २०० मीटरची बरोबर फेरी आखता येते. लोखंडी किंवा फायबरची टेप घ्या, सुतळी नको, ती ताणली जाते. ५० मीटर लांब आणि ३१.४४ मीटर रुंद आयत खुंट्या ठोकून पाडा. दोन्ही कर्ण ५९.०६ मीटर आले तरच कोन काटकोनात आहेत. रुंदीच्या दोन्ही बाजूंच्या मध्यावर खुंटी ठोकून १५.७२ मीटरच्या दोरीने अर्धवर्तुळं मारा आणि फक्की टाका. ही आतली रेघ. पळायचं तिच्या २० सेंटिमीटर बाहेरून. तेवढ्याने फेरी २०० मीटर होते. दोन्ही सरळ पट्ट्यांच्या मध्यावर एकेक झेंडा लावा, म्हणजे दर शंभर मीटरला घड्याळ पाहता येईल. फेरीला ३९ सेकंद ही चाल अंगात मुरायला तीन-चार आठवडे लागतात.

आपल्या हवेचं म्हणाल तर लांब, सावकाश पळण्याचा काळ जून ते जानेवारी. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट निरुपयोगी, बुटाला किलोभर चिखल चिकटतो. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि घोटा मुरगळतो. गिरणेच्या जामदा कालव्यांसारख्या पाटांच्या कडेचे मुरमाचे रस्ते सगळ्यात चांगले. डांबरी रस्त्याची कड उतरती असते; उतार कायम एकाच पायाकडे राहिला तर एका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं लागतं, म्हणून जाताना-येताना रस्त्याची एकच कड धरावी, म्हणजे उतार एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायाकडे येतो, समोरून येणारी वाहनं पाहत एकदा आणि पाठीला घेत एकदा, तेही वर्दळ नसेल तिथेच. एप्रिल-मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीस ओलांडतो. तेव्हा सहा-साडेसहाच्या आत सराव आटपावा. तोरणमाळला 'आपलं केनिया' म्हणून पोरांना नेण्याचा एक प्रकार आहे. विरेन केनियाला सरावाला जायचा हे खरं, पण तो दोन हजार मीटरहून उंच भाग. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर. विरळ हवेचा फायदा मिळायला ही उंची पुरत नाही. थंड हवा आणि चढ मिळतात, त्यासाठी खुशाल जा.

पायाभरणीच्या काळात आठवड्यात सहा दिवस, ६ ते १० किलोमीटर, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा वेगाने. एक दिवस चढ. अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. नडगी दुखते ती इथे घाई केल्यावर. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहावी. हाइक्कोलाही नाडीवर भिस्त ठेवत. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी फक्त सावकाश पळणं.

धार काढायला सहा आठवडे पुरतात. मंगळवारी ८ ते १० वेळा २०० मीटर, प्रत्येकी ३७-३८ सेकंदांत, मधे तेवढंच अंतर सावकाश. शुक्रवारी पहिले दोन आठवडे ५ वेळा ४०० मीटर ७६-७७ सेकंदांत, दोन मिनिटं चालून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३ वेळा ८०० मीटर २:३४-२:३५ मध्ये, चार मिनिटं विश्रांती. पाचव्यात एकदा १२०० मीटर ३:५२. बाकीचे दिवस सावकाशच. पूर्ण १६०० घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच, आणि शेवटच्या आठ दिवसांत मुळीच नाही. सहाव्या आठवड्यात अंतर निम्मं, फक्त ४ वेळा २०० मीटर शर्यतीच्या वेगाने, तेही परीक्षेच्या तीन दिवस आधी. रोज पहाटे 'ट्रायल' मारणारा पोरगा खरी शर्यत मैदानावर येण्याआधीच पळून बसलेला असतो. मुलींच्या ८०० मीटरलाही हाच क्रम लागू, फक्त पहिल्या दोनशे मीटरचा मोह तिथे आणखी महागात पडतो.

या सगळ्यात एक खोट आहे आणि ती पोरांच्या हातात नाही. विरेनला आपल्या शर्यतीची तारीख चार वर्षं आधी ठाऊक असायची. इथे जाहिरात येते, अर्ज भरले जातात, आणि मैदानी चाचणीचा दिवस प्रवेशपत्र हाती पडेपर्यंत कळत नाही. कळला तरी पावसामुळे, बंदोबस्तामुळे पुढे सरकतो. तारीख दोन आठवड्यांहून जास्त पुढे गेली तर तीव्र सराव ताणत राहू नये. आठ-दहा दिवस सावकाश पळण्यावर परत यावं आणि उरतील तितक्या दिवसांत धारेचे शेवटचे आठवडे पुन्हा नव्याने करावेत. मात्र हा तात्पुरता इलाज झाला. भरती राबवणाऱ्यांना आपल्या पत्रातून एवढंच कळवायचं आहे: जिल्हानिहाय मैदानी चाचणीचा दिवस किमान सहा आठवडे आधी जाहीर करावा, पावसासाठी राखीव दिवसही त्याच वेळी सांगावा, आणि ज्या मैदानावर चाचणी आहे तिथली फेरी ४०० मीटरची की २०० मीटरची हे प्रवेशपत्रावर छापावं.

आपले,
धावण्याच्या सरावाला मार्गदर्शन करणारे काही जण,
धुळे